तळ्यातले मासे आणि पाणदिवड

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर)



उत्सव समितीने मला सांगितलं, "सर, वीस मिनिटं बोला, पण उपयोगाचं बोला." जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेला माणूस वीस मिनिटांत थांबेल, हा समितीचा विश्वास मला आवडला. विषयही समितीनेच दिला : आपल्या मागच्या अंगाचं तळं. पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे या तळ्याबद्दल तीन सूचना आल्या आहेत. एक, तळं बुजवून तिथे पार्किंग करावं. दोन, तळ्यावर नायलॉनची जाळी टाकावी. तीन, "सापाचा कायमचा बंदोबस्त करावा." तिन्ही सूचनांचं मूळ एकच. मासे कमी झाले आणि तळ्यात साप दिसला. म्हणजे सापाने मासे खाल्ले, असा निकाल लागला. मी आज सापाचं वकीलपत्र घेऊन उभा आहे असं म्हणा हवं तर. पण वकील आधी पुरावा बघतो.

पुरावा असा. गेल्या दिवाळीनंतर आपण २४ गोल्डफिश आणून सोडले. सध्या ९ आहेत. वॉचमनदादांनी मेन्टेनन्सच्या वहीत मागच्या पानावर नोंद ठेवली होती म्हणून हे आकडे तरी सापडले. त्या नोंदीनुसार एप्रिल-मेमध्ये ८ मासे पोट वर करून तरंगताना मिळाले आणि बाकीचे ७ जून-जुलैत नाहीसे झाले.

आता साप मासा खातो कसा? तो मासा चावून अर्धा टाकत नाही. त्याला चघळता येत नाही, तुकडे करता येत नाहीत. धरला की अख्खा गिळतो. त्यामुळे मेलेला मासा पाण्यावर तरंगत असेल, तर तो सापाने मारलेला नसतो. ८ मासे इथेच सुटले. ते गेले उन्हाळ्याने आणि आपल्या प्रेमाने. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. रात्री पाणवनस्पतीही प्राणवायूच वापरतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडमीट करताना दिसले तर ती भूक नसते, तो गुदमर असतो. आपण काय करतो? "बिचारे भुकेले आहेत" म्हणून चपाती टाकतो. खारी टाकतो. गणपतीचं निर्माल्यसुद्धा टाकलेलं मी पाहिलंय. ते कुजतं, कुजताना उरलासुरला प्राणवायू खातं. त्यात मे महिन्यात पाणी आटलं म्हणून नळाचं ताजं पाणी थेट सोडलं, तर त्यातलं क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना भाजतं. पाणी दिवस-दोन दिवस उघड्या पिंपात ठेवून मग सोडायचं, एवढंच.

राहिले ७. त्यांतले काही सापाने खाल्ले असतील. मी नाकारत नाही. पण संशयित एकटा नाही. सकाळी सहा-साडेसहाला गॅलरीत चहा घेणाऱ्यांना विचारा. पंपाच्या पाइपवर मातकट रंगाची एक ढोकरी मान आखडून बसलेली असते. उडाली की पांढरीशुभ्र दिसते. खंड्या आहे. पार्किंगमधली मांजरं आहेत, ज्यांना आपणच दूध घालतो. नारिंगी मासा उथळ, स्वच्छ, निळ्या टाइल्सच्या पाण्यात सोडणं म्हणजे ताटात वाढून ठेवणं आहे. लपायला एक दगड नाही तिथे.

आता मुख्य आरोपीची ओळख. आपल्या तळ्यात दिसतो तो साप म्हणजे पाणदिवड. कुणी विरोळा म्हणतं, कुणी नुसतं दिवड. बिनविषारी. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन आणि डोळ्यापासून खाली तिरप्या दोन काळ्या रेघा. या दोन रेघा लक्षात ठेवा मुलांनो. मासे आणि बेडूक हे तिचं जेवण. एकदा पोट भरलं की ती रोज शिकारीला येत नाही. स्वभाव मात्र तापट. डिवचलं तर मान चपटी करून डोकं उचलते, आणि लोक "नाग, नाग" म्हणून काठ्या घेऊन धावतात. चावतेही पटकन. रक्त येतं, विष नसतं.

ती आपल्याकडे आली कुठून, असं मला बी विंगमधल्या वहिनींनी विचारलं. ती आली नाही, ती होतीच. २५ वर्षांपूर्वी या जागेवर नारळी-पोफळीची वाडी होती. विहीर होती, दोण होती, पाट होते. कुंपणापलीकडे भाताची खाचरं होती आणि पलीकडे खाडीपर्यंत पाणीच पाणी. जुन्या सभासदांना आठवत असेल, पहिल्या पावसाळ्यात रात्रभर बेडकांमुळे झोप यायची नाही. नागाव, आक्षी, चौलकडे अजून थोड्या वाड्या शिल्लक आहेत, पण अलिबागच्या आसपास खाचरांवर भराव पडला आणि बंगल्यांचे प्लॉट झाले. मांडव्याला रो-रो सुरू झाल्यापासून तर विचारूच नका. पुष्कळ विहिरी बुजल्या. ज्या प्राण्याला गोडं पाणी आणि बेडूक लागतात, तो उरलेल्या पाण्याकडेच जाणार. आपलं दहा बाय आठचं तळं हे आता त्या उरलेल्या पाण्यात मोडतं. ते बुजवलं तर दिवड नाहीशी होईल, पण बेडूकही जातील आणि डासांच्या अळ्या खाणारे छोटे मासेही. पावसाळ्यात कुंड्यांच्या बश्यांमध्ये आणि गच्चीवरच्या टायरमध्ये डेंग्यूचा डास वाढतोच. त्याला मदत कशाला?

डासांवरून आठवलं. आरोग्य खात्याकडून गप्पी मासे मिळतात, ते बंद तळ्यात, टाकीत ठीक. पण ते परदेशी मासे आहेत. पावसात तळं भरून वाहिलं की ते ओढ्यात जाऊ देऊ नका, तिथल्या आपल्या माशांना त्यांचा उपद्रव होतो. डोक्यावर चमकता ठिपका असलेले बोटभर मासे आपल्या ओहोळांत असतात, तेही डासांच्या अळ्या खातात.

जाळीबद्दल जरा कडक बोलतो. शेजारच्या वाडीत माशांच्या हौदावर जुन्या मासेमारीची बारीक नायलॉनची जाळी टाकली होती. गेल्या पावसाळ्यात त्यात धामण अडकली. हातभर नाही, चांगली पुरुषभर लांब. सापाचे खवले मागच्या बाजूला झुकलेले असतात. डोकं जाळीतून पुढे गेलं की त्याला मागे सरता येत नाही. जितकी धडपड करावी तितका दोरा रुततो. मी पाहिली तेव्हा ती मेलेली होती आणि दोरा मांसात गेलेला होता. ही धामण त्या वाडीतले उंदीर खात होती. जाळीत आज बिनविषारी साप अडकेल, उद्या घोणस अडकेल, आणि सकाळी ती सोडवायला आपला माळी हात घालेल. याचा विचार सूचना मांडणाऱ्यांनी करावा. संरक्षण हवंच असेल तर गंजणार नाही अशी ताठ तारेची जाळी, लाकडी चौकटीत ठोकलेली, झाकणासारखी उचलता येणारी करावी. तिने ढोकरी आणि मांजर दोन्ही थांबतील.

कार्बोलिक ॲसिड, फिनाईल हे तळ्याकाठी ओतायची कल्पना तर सोडूनच द्या. साप बाजूने वळसा घालून जाईल, मासे मात्र नक्की मरतील. आणि "बंदोबस्त" या शब्दाबद्दल : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण आहे. सोसायटीच्या ठरावाने ते काढता येत नाही.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते त्याकडे येतो. माशांपेक्षा ही गोष्ट मोठी आहे. या सप्ताहात मी मुलांना चित्रं दाखवून विचारलं, तर मुलांनी घोणशीला "अजगराचं पिल्लू" म्हटलं. मोठ्यांपैकी दोघांनीही तेच म्हटलं, नावं सांगत नाही. देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं दगावतात असा अंदाज २००० ते २०१९ या काळाच्या अभ्यासातून निघाला आहे. त्यांत मोठा वाटा चार सापांचा : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. चारही कोकणात आहेत. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकते. फुरसे छोटं, जांभ्या दगडात, सुक्या जागी. अंगावर अंग घासून करवतीसारखा आवाज करतं. मण्यार रात्री फिरते, काळीनिळी, अंगावर बारीक पांढरे पट्टे. हे पट्टे शेपटीकडे ठळक होत जातात. बिनविषारी कवड्याचे पट्टे उलट मानेकडे ठळक असतात. मण्यारीचा दंश झोपेत कळतही नाही, म्हणून तळमजल्यावर जमिनीवर अंथरूण घालणाऱ्यांनी मच्छरदाणी नीट खोचून झोपावं.

हे सगळं पाठ झालं तरी चावल्यावर "ही दिवडच होती" म्हणून घरी बसायचं नाही. आपल्या माळ्याला मागच्या वर्षी दिवड चावली, तेव्हा मी ती डोळ्यांनी ओळखली होती. तरी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी नजरेखाली ठेवलं. तेच बरोबर. दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच. माणसाला शांत झोपवा, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, अंगठी-बांगड्या काढा, १०८ ला फोन करा. साप पकडून बरोबर न्यायची गरज नाही. आपल्याकडची प्रतिसर्पविषाची लस या चारही विषांवर एकच असते. आपल्याच जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचू आणि सापाच्या दंशावर आयुष्यभर काम केलं, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वेळेवर आलेला रोगी वाचतो हे अशा डॉक्टरांनी खेड्यापाड्यांत दाखवून दिलंय.

विषारी साप सोसायटीत येतात ते तळ्यासाठी येत नाहीत. ते उंदरांमागे येतात. आणि उंदीर आहेत पंपाच्या खोलीमागे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात पडलेल्या माडांचे ओंडके तिथे अजून रचलेले आहेत. त्यांच्यावर झावळ्या, त्यांच्यावर सोडणं, त्यांच्यावर ए विंगच्या रिनोव्हेशनची फुटकी लादी, आणि शेजारी ओल्या कचऱ्याचा डबा, झाकण नसलेला. घोणशीला याहून चांगला ब्लॉक अलिबागमध्ये मिळायचा नाही, तोही मेन्टेनन्स न भरता.

तेव्हा मी सभेपुढे चौथी सूचना ठेवतो. तळं ठेवायचं, अडीच-तीन फूट खोल करायचं. तळाशी फुटक्या कुंड्या आणि मातीचे नळे आडवे ठेवायचे, म्हणजे माशांना शिरायला जागा होईल. एका बाजूला कमळं लावायची, पण अर्ध्याहून जास्त पाणी झाकायचं नाही. काठ जमिनीपासून हातभर उंच, गुळगुळीत गिलाव्याचा. सापाला ते अशक्य नाही, पण अवघड होईल. काठालगतचं गवत दर पंधरा दिवसांनी कापायचं. बेडकांसाठी विहिरीच्या जुन्या दोणीत पाणी ठेवायचं, दिवड आधी तिकडेच जाईल. मासे लहान आणायचे नाहीत, पाच-सहा इंचांचे आणायचे, गिळायला जड जातात. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि ते एकाच माणसाने घालायचं. एवढं करूनही वर्षाला दोन-चार मासे जातील. तेवढे जाऊ द्यावेत असं माझं मत आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांनी सभेत बोलावं, मी ऐकेन.

पंपाच्या खोलीमागचा ढीग मात्र सभेची वाट बघू शकत नाही. येत्या रविवारी सकाळी आठला हातमोजे आणि गमबूट घालून या. ओंडके हाताने नाही, पहारीने उलटायचे. मुलांनी लांब, जिन्यावर थांबायचं. सर्पमित्रांना आधीच सांगून ठेवलं आहे.

आता प्रश्न विचारा. आधी चटईवरच्यांचे.