उन्हाची वाट घर बांधतानाच मोकळी ठेवा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



ऊन म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. याच उन्हात आपली पऱ्हाटी करपते, ज्वारीचे कणीस पोचट राहते. त्याच उन्हाची आता वीज होते. पण नवे घर बांधताना आपण तिचा विचार करत नाही.

अमेरिकेतला ॲरिझोना हा कोरडा मुलूख. कापूस तिथेही पिकतो. तिथल्या टक्सन शहराने २००८ साली नियम केला : नवे घर सौरसंचासाठी तयार बांधा. संच विकत घ्या, असे नाही. पुढे केव्हाही बसवता येईल एवढी सोय ठेवा. स्पेनमधल्या बार्सिलोनाने २००० सालीच नव्या मोठ्या इमारतींवर पाणी तापवायचा सौरसंच सक्तीचा केला होता.

आम्हाला टक्सनची रीत पटते. खरेदीची सक्ती आली की मागोमाग दाखला, तपासणी आणि टेबलाखालचा हात येतो. ते आपण पुष्कळ भोगले आहे.

तयारी म्हणजे काय? स्लॅबची दक्षिण बाजू मोकळी ठेवायची. पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली उत्तरेला घ्यायची, म्हणजे सावली पडत नाही. स्लॅबपासून मीटरपर्यंत भिंतीत एक पाइप टाकून ठेवायचा. टिनाचे छत असेल तर कैच्या जादा वजन पेलतील अशा घ्यायच्या. १ किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. बांधतानाच पाइप टाकला तर खर्च किरकोळ. नंतर टाकायचा तर भिंत फोडावी लागते.

केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,००० आणि ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरले. अनुदान आज आहे, उद्या नसेल. छत मात्र पुढची पिढी वापरणार आहे.

म्हणून आपल्या ग्रामसभेत ठराव मांडा. शाळा, अंगणवाडी, पंचायत कार्यालय, गोदाम अशी सरकारी पैशाची प्रत्येक नवी इमारत सौरसंचासाठी तयारच बांधली पाहिजे. घरकुलाच्या नकाशात पाइप आणि मोकळी जागा दाखवली पाहिजे. शेतकऱ्याच्या स्वतःच्या घराला सल्ला द्यावा. त्यासाठी कुणाचा परवाना अडवू नये.

कापसाचा चुकारा हाती आला की गावोगाव बांधकामे निघतात. त्याआधी ठराव झाला पाहिजे.