गारगोटीची भुकटी आणि जमिनीची लढाई

(दिवाळीआधीच्या कार्यकर्ता शिबिरात संघटनेच्या वतीने केलेले भाषण. पाड्यावरच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावे.)



ज्वारी-मका घरात यायला लागली. दिवाळी झाली की टोळ्या निघतील, त्या होळीला भोंगऱ्याच्या बाजाराआधी परत येतील. मुकादम आत्ताच पाड्यापाड्यावर फिरताहेत, उचल वाटताहेत. म्हणून आजच्या शिबिरात धुळीबद्दल बोलायचं ठरलं. काही जण विचारतात, आपली संघटना जमिनीची, दावे-पट्ट्यांची, मग कारखान्याच्या धुळीचं आपल्याला काय? प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर आम्ही देणार आहोत, पण आधी ही धूळ काय चीज आहे ते समजून घेऊ.

गारगोटीचा पांढरा दगड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. हाच दगड कारखान्यात फोडतात, चक्कीत दळतात आणि त्याची मैद्यासारखी भुकटी करतात. ती भुकटी काच बनवायला जाते. दगड यंत्रात टाकायचा, खाली पडलेली भुकटी पोत्यात भरायची, पोतं शिवायचं, गाडीत चढवायचं. काम शिकायला एक दिवस पुरतो. त्यामुळे मालकाला रोज नवा माणूस चालतो, आणि आजारी पडलेल्याला हाकलायला वेळ लागत नाही.

या दगडात सिलिका असते. धूळ दोन प्रकारची समजा. एक, जी उन्हाच्या तिरपेत उडताना दिसते. ती नाकात, घशात अडकते, बेडक्यातून बाहेर पडते. दुसरी, जी डोळ्याला दिसतच नाही. आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. ही धूळ ५ मायक्रॉनपेक्षाही बारीक. ती थेट फुफ्फुसाच्या तळाशी, जिथे हवा रक्तात मिसळते तिथे जाऊन बसते. शरीरातल्या राखणदार पेशी तिला गिळतात, पण पचवू शकत नाहीत, आणि त्या स्वतःच मरतात. तिथे जखम होते. कुऱ्हाडीची जखम भरल्यावर वळ राहतो ना, तसे वळ फुफ्फुसात उठतात. वळ आलेली जागा फुगत नाही. फुगली नाही की हवा आत येत नाही.

या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. नाव अवघड आहे, पण पाठ करा, कारण कागदावर हेच नाव लिहून घ्यायचं आहे. धूळ थोडी असेल तर आजार दिसायला दहा वर्षं किंवा जास्त लागतात. धूळ फार दाट असेल तर काही महिन्यांचं काम पुरतं, आणि पुढच्या दोन-चार वर्षांत माणूस जातो. काम सोडलं तरी आजार थांबत नाही, कारण धूळ आतच असते. वळ पुसणारं औषध नाही. पण लवकर कळलं तर पुढची धूळ टाळता येते, टीबी वेळेत पकडता येतो, आणि त्याने आयुष्याचे दिवस वाढतात.

कोरडा खोकला सुरू होतो. मोळी घेऊन टेकडी चढताना, जिथे पूर्वी थांबावं लागत नव्हतं, तिथे दोनदा बसावं लागतं. छातीत दुखतं, वजन उतरतं. शेवटी अंगणातून ओट्यावर यायलाही दम लागतो. दवाखान्यात नेलं की बहुतेक वेळा टीबी लिहितात. टीबी असूही शकतो, कारण सिलिका बसलेल्या फुफ्फुसात टीबी लवकर घर करतो. म्हणून टीबीच्या गोळ्या सांगितल्या असतील तर त्या पूर्ण घ्या, मध्ये सोडू नका. पण गोळ्या संपूनही दम कमी होत नाही, तेव्हा डॉक्टरला विचारायचं की याच्या आत दगड तर नाही?

कारखान्यात सांगतात, गूळ खा, धूळ उतरते. तोंडाला फडकं बांधा. गूळ पोटात जातो, धूळ फुफ्फुसात असते, दोघांची गाठ पडत नाही. फडक्यातून ही बारीक धूळ सहज जाते. खरा उपाय मालकाच्या हातात आहे. यंत्र चहूबाजूंनी बंद करायचं, धूळ शोषून घेणारा पंखा बसवायचा, जिथे जमेल तिथे पाणी मारून काम करायचं. हे सगळं जुनं, माहीत असलेलं तंत्र आहे. त्याला पैसा लागतो, आणि मजूर स्वस्त पडतो.

आता नर्मदेपलीकडची हकीकत. अलिराजपूर, झाबुआ, धार. तिकडचे भिल, भिलाला आपलेच. सोयरीक आहे, बाजार एक आहे, डोंगर एक आहे. तिथली माणसं गुजरातमध्ये गोधरा, बालासिनोर भागातल्या गारगोटीच्या कारखान्यांत गेली. बरीचशी ऐन विशी-तिशीतली. काही घरांतून नवरा-बायको दोघं गेले. परत आले ते खोकत. एकेका पाड्यात एकामागून एक माणसं गेली. तिकडच्या संघटनांनी घरोघर फिरून याद्या केल्या. कोण गेलं, किती महिने काम केलं, कधी वारलं, मागे कोण आहे. त्या याद्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापर्यंत आणि सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या. आयोगाने २०१० मध्ये सांगितलं की मेलेल्या २३८ जणांच्या वारसांना गुजरात सरकारने प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत. तरी पैसे सुटायला सुप्रीम कोर्टाचा ४ मे २०१६ चा हुकूम लागला.

साथींनो, यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, लढलं तर मिळतं, राज्याच्या सीमेपलीकडूनही मिळतं. दुसरी, ज्यांचं नाव यादीत होतं त्यांनाच मिळालं. हजेरीपटावर नाव नाही, पगाराची पावती नाही, ओळखपत्र नाही, अशा माणसाला कारखाना सरळ म्हणतो, हा इथे कधी आलाच नव्हता. मेलेल्या माणसाची साक्ष कोण काढणार? वनजमिनीच्या दाव्यातही आपल्याला हेच विचारलं गेलं, पुरावा काय? तेव्हा आपण जुन्या दंडाच्या पावत्या काढल्या, म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, ग्रामसभेचा ठराव केला. तीच शिकलेली विद्या इथे वापरायची आहे.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायदा १९४८ प्रमाणे सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेला आजार होता. कारखान्याच्या व्यवस्थापकाने आणि तपासणाऱ्या डॉक्टरने तो सरकारला कळवला पाहिजे. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा २०२५ पर्यंत लागू होता, त्याच्या परिशिष्टात सिलिकोसिस कामामुळे होणारा आजार म्हणून लिहिलेला होता. मात्र दावा साधारण दोन वर्षांच्या आत करावा लागतो, म्हणून माणूस गेल्यावर वर्षश्राद्धाची वाट बघत बसू नका. २०२५ पर्यंत लागू असलेला १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा म्हणायचा की परराज्यात नेणाऱ्या ठेकेदाराने परवाना काढावा, आणि प्रत्येक मजुराला फोटो असलेलं पासबुक द्यावं. तुमच्यापैकी कुणी असं पासबुक पाहिलं असेल तर हात वर करा. (एकही हात वर आला नाही.)

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. जमिनीच्या संघटनेने हे का उचलायचं?

आपला माणूस हौसेने भुकटी खायला जात नाही. डोंगरउतारावरची जमीन, तीही कागदावर आपली नाही. चार-सहा महिने पुरेल एवढं धान्य. बांध नाही, पाणी नाही, पट्टा नाही म्हणून कर्ज नाही. मग मुकादमाची उचल हेच कर्ज. जमीन हातात नसलेला माणूस धुळीत जातो, आणि धुळीतून परत आलेल्याच्या औषधासाठी बैल विकला जातो, चांदी विकली जाते, उरलेली जमीन सावकाराकडे पडते. मग त्याचा मुलगा उचल घेतो. हे चक्र जमिनीवर सुरू होतं आणि जमिनीवरच येऊन थांबतं. म्हणून हा आपला प्रश्न आहे.

आणखी एक गोष्ट, ती बोलायला जड आहे तरी बोलतो. एका पाड्यात तीन-चार जवान माणसं खोकून वारली की बडव्याकडे जातात, आणि बोट एखाद्या एकट्या बाईकडे वळतं. डाकीण म्हणतात. तिला मारतात, हाकलतात, तिची जमीन भाऊबंद घेतात. संघटनेच्या माणसाने अशा वेळी उभं राहून विचारायचं, ही सगळी माणसं कामाला कुठे गेली होती? उत्तर एकच निघालं तर दोष त्या बाईचा नाही, कारखान्याचा आहे. खरा गुन्हेगार मोकळा राहावा म्हणून आपल्याच बाईचा जीव द्यायचा नाही.

तर या हंगामात काय करायचं?

पाड्यावर एक वही ठेवा. जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वय, मुकादमाचं नाव-गाव, उचल किती, गाडीचा नंबर, निघाल्याची तारीख. पोचल्यावर कारखान्याच्या पाटीवरचं नाव कळवायचं. मोबाइल असेल तर पाटीचा आणि कामाच्या जागेचा फोटो. परत आल्याची तारीख त्याच ओळीत. ही वही ग्रामसभेत वाचायची आणि ठरावात घ्यायची.

दवाखान्यात गेलात तर नुसतं "खोकला आहे" सांगू नका. "दगडाच्या भुकटीत इतके महिने काम केलं" हे सांगा आणि केस पेपरवर लिहून घ्या. छातीच्या एक्स-रेची फिल्म घरी आणा, चुलीच्या धुरापासून दूर, पत्र्याच्या पेटीत ठेवा.

वनहक्काच्या दाव्यात नवरा-बायको दोघांचं नाव आहे का ते आज रात्रीच तपासा. २००६ चा कायदा दोघांच्या नावावर पट्टा द्या म्हणतो. ती जमीन वारसाला जाते, विकता किंवा हस्तांतर करता येत नाही. उद्या नवरा गेला तर बाईचं नाव कागदावर असेल, तिला दिराच्या दारात उभं राहावं लागणार नाही.

आणि रोजगार हमीच्या कामाची लेखी मागणी दिवाळीआधी करा, तारखेसह पोच घ्या. पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता मागा. बांधबंदिस्तीची कामं आपल्याच शेतावर मागा. जेवढे हात गावात राहतील, तेवढ्या छात्या वाचतील.

ज्याला जावंच लागेल त्याला आम्ही अडवणार नाही. पोटाला काय घालायचं, हे आम्ही सांगू शकत नसू तर जाऊ नको म्हणण्याचा आम्हाला हक्क नाही. पण गारगोटीच्या चक्कीवर जाऊ नका, हे हात जोडून सांगतो. आणि कुठेही गेलात तरी वहीत नाव लिहून जा. पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येक पाड्याने आपली वही घेऊन यायचं आहे.

जमीन आमच्या हक्काची!
श्वासही आमच्या हक्काचा!
जिंदाबाद!