सौदीतल्या हिशोबाचा कागद घरात कुणी पाहिलाय?

(लातूर येथे नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्या आणि महिला मंडळांच्या एकत्र बैठकीत केलेले भाषण.)



उदगीर, औसा, देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागातली माणसं सौदी, दुबई, कुवेत, कतारला कामाला जातात. बिलोली-धर्माबादची शीव ओलांडली की निजामाबाद. तिकडच्या गावांतून तर आखातात जायची जुनी रीत आहे. कुणी गवंडी, कुणी ड्रायव्हर, कुणी दुकानात, कुणी सफाईला. दर महिन्याला किती पैसे येतात हे घरातल्या बाईला तोंडपाठ असतं. पण नोकरी संपल्यावर कंपनीनं वेगळी रक्कम द्यायची असते, ती किती, कधी, कुणाच्या हातात, हे विचारलं की बहुतेक जणी गप्प होतात. 'ते पुरुषमाणसांचं काम,' असं उत्तर येतं.

आपल्याकडे एस.टी.त नाहीतर मिलमध्ये नोकरी झालेल्याच्या घरात ग्रॅच्युइटी हा शब्द ऐकलेला असतो. एका वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, असा आपला हिशोब. आखाती देशांत परदेशी कामगाराला पेन्शन नसते. नोकरी संपली की देश सोडायचा. म्हणून तिथल्या कायद्यांनी ही अखेरची रक्कम ठेवली आहे. आपली माणसं तिला नुसतं 'हिसाब' म्हणतात.

सौदीचं उदाहरण घेऊ. २००५ च्या तिथल्या कामगार कायद्यानुसार पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला पूर्ण महिन्याचा. शेवटचा पगार धरायचा. समजा, शेवटचा पगार १,२०० रियाल आणि नोकरी आठ वर्षं. पाच वर्षांचे ३,००० आणि तीन वर्षांचे ३,६००, मिळून ६,६०० रियाल. पण स्वतः राजीनामा दिला तर कपात होते. दोन वर्षांच्या आत काही नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश, दहा वर्षं भरली की पूर्ण. म्हणजे आपल्या उदाहरणातला माणूस राजीनामा देऊन आला तर ४,४०० रियालच हातात येतात. मुदत संपून आला की राजीनामा देऊन, या एका गोष्टीवर २,२०० रियालचा फरक पडतो.

दुबई, अबुधाबी, शारजा ज्या देशात येतात त्या अमिरातीत नवा कायदा फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. एक वर्ष पूर्ण झालं की हक्क सुरू. पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी २१ दिवसांचा पगार, पुढे ३० दिवसांचा. राजीनामा दिला म्हणून कपात नाही. नोकरी संपल्यावर १४ दिवसांत पैसे द्यायचे. पण इथे एक मेख आहे. हिशोब मूळ पगारावर होतो, भत्ते धरत नाहीत. मूळ पगार १,००० दिरहम असेल तर आठ वर्षांचे ६,५०० होतात. एजंटानं तोंडी हजार सांगितले, करारात मात्र मूळ पगार ६०० आणि भत्ते ४०० लिहिले, तर तेच ३,९०० होतात. म्हणून माणूस जाण्यापूर्वीच कराराची प्रत घरात वाचून घ्यायची. वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलीकडून वाचून घ्या, आमच्याकडे घेऊन या.

आता पैसे बुडतात कसे ते सांगते. माणूस छुट्टीवर येतो आणि परत जात नाही, हिशोब तिकडेच राहतो. म्हणून निघण्यापूर्वी फोनवर विचारा: छुट्टी की फायनल एक्झिट? दुसरं, 'आझाद व्हिसा'. कागदावर कफील एक, काम दुसरीकडेच. मग हिशोब मागायचा कुणाकडे? तिसरं, न कळणाऱ्या अरबी कागदावर सही घेतात. त्यात 'सगळं मिळालं' असं लिहिलेलं असतं. २०२० च्या मे महिन्यापासून वंदे भारतच्या विमानांनी लाखो लोक परत आले, तेव्हा कितीतरी जण थकलेला पगार आणि हिशोब मागे टाकून आले. तक्रारीलाही मुदत असते. सौदीत नोकरी संपल्यापासून बारा महिने, अमिरातीत आता दोन वर्षं.

आपल्यातल्या काही बायका स्वतः घरकामाला जातात, त्यांचं वेगळं बोललं पाहिजे. वर सांगितलेले दोन्ही कायदे घरकामगारांना लागू नाहीत, त्यांच्यासाठी वेगळे नियम आहेत. सौदीत गवंड्याला चार वर्षांनी करार संपल्यावर दोन महिन्यांचा पगार मिळतो. घरकाम करणाऱ्या बाईला एकाच घरी चार वर्षं झाली तर एका महिन्याचा. घरातलं काम हे कामच नाही, ही आपल्याकडची समजूत तिकडच्या कायद्यातही बसलेली आहे. त्यात भर म्हणजे आपल्या सरकारनं दहावी न झालेल्या, तीस वर्षांखालच्या बाईला घरकामासाठी तिकडे जायला बंदी घातली आहे. हेतू संरक्षणाचा आहे. पण गरज थांबत नाही. एजंट तिला व्हिजिट व्हिसावर पाठवतो, मग ना करार, ना नोंद, ना हिशोब.

सगळ्यात कठीण प्रसंग माणूस तिकडे वारल्यावर येतो. मृतदेह आणण्यासाठी, नाहीतर तिथेच दफन करण्यासाठी घरच्यांची संमती लागते. थकलेला पगार आणि हिशोब वसूल करण्यासाठी मुखत्यारपत्र लागतं. बाई रडत असते, दीर किंवा सासरे 'इथे अंगठा दे' म्हणतात. अशा वेळी शेजारणीनं, मंडळातल्या बाईनं तिथे बसलं पाहिजे आणि विचारलं पाहिजे, पैसे कुणाच्या खात्यावर येणार? मुखत्यारपत्र भारतीय दूतावासाच्या नावानं देता येतं, त्यात वारसांची नावं स्पष्ट लिहा. हिंदू वारसा कायद्यात बायको, मुलं, मुली आणि आई यांना सारखा वाटा आहे. मुस्लिम कायद्यात मुलंबाळं असतील तर बायकोचा आठवा हिस्सा. कमी असला तरी तो तिचा आहे, कुणाच्या मेहरबानीचा नाही.

काही जणी म्हणतील, कमावलं त्यानं, आपण काय हक्क सांगायचा? देगलूर तालुक्यातल्या एका बाईचा नवरा अकरा वर्षं सौदीत होता. एजंटाचे पैसे तिच्या अंगावरचं सोनं गहाण टाकून भरले. अकरा वर्षं तिनं सोयाबीन काढलं, तुरी सोंगल्या, सासूचं दुखणं काढलं, दोन मुलं शिकवली. नवरा परतला, हिशोबाच्या पैशांतून प्लॉट घेतला गेला, तो दिराच्या नावावर. असे पैसे आले होते हेच तिला प्लॉटचं भांडण लागल्यावर कळलं. तिनं इथलं घर चालवलं म्हणून तो तिकडे अकरा वर्षं टिकला. त्या हिशोबात तिचीही अकरा वर्षं आहेत.

तर आज घरी गेल्यावर एवढं करा. करार, पासपोर्ट, व्हिसा, इकामा, पगाराची चिठ्ठी, प्रवासी भारतीय बीमा योजनेचा कागद, या सगळ्यांच्या झेरॉक्स एका पिशवीत घालून स्वतःच्या ताब्यात ठेवा. बीमा असेल तर अपघाती मृत्यूला दहा लाखांचं संरक्षण असतं. कामावर लागल्याची तारीख आणि मूळ पगार वहीत लिहा. बँकेत दोघांच्या नावे खातं उघडा. पैसे अडले तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार करता येते. तालुक्याच्या गावी ती भरून द्यायला आपल्या कार्यकर्त्या बसतील.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं ती वही आणावी. हिशोब आपण इथे बसून एकत्र मांडू.