निकाहनामा वाचणारी मुलगी



१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम भगिनींचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद व्हावे, ही त्यांची मागणी होती. दलवाईंची सारीच मते आपणांस पटतील असे नाही. पण त्या भगिनींचे गाऱ्हाणे खरे होते. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शायरा बानो यांच्या अर्जावर एका दमात दिलेला तीन तलाक रद्दबातल ठरविला. मध्ये एक्कावन्न वर्षे गेली!

परंतु हक्क नुसता कायद्यात असून भागत नाही. पतीने दोन वर्षे निर्वाहाची तजवीज केली नाही, तर पत्नीला न्यायालयाकडून फारकत मागता येते, हे १९३९ सालच्याच कायद्यात आहे. आपल्या किती मुलींना हे ठाऊक आहे?

म्हणून पालकहो, लग्न ठरले की मुलीची शाळा सोडवू नका. निकाहनाम्यातील मेहेरची रक्कम आणि अटी तिने स्वतः वाचाव्यात, शंका विचाराव्यात आणि मगच सही करावी. मुलींनो, न वाचता सही करू नका. आणि मुलग्यांनो, बहिणीसाठी जो न्याय मागाल, तोच पत्नीला द्या.