रविवारच्या बैठकीविषयी थोडेसे
(विहाराच्या वर्धापनदिनी वाचलेल्या भाषणाचा मजकूर)



रविवारी सकाळी विहारात आम्ही जी ध्यानाची बैठक घेतो, तिच्याविषयी कोणीतरी दोन शब्द बोलावेत असे समितीने सुचवले. एकट्याने उभे राहून बोलायला कोणीच तयार होईना. शेवटी सगळ्यांनी मिळून लिहायचे आणि एकाने वाचायचे असे ठरले. त्यामुळे यातले 'आम्ही' हे खरोखरच आम्ही आहोत : रेल्वेतून निवृत्त झालेले दोघे, कारखान्यात पाळीवर जाणारे तिघे, एक शिक्षिका, शेतमजुरी करणाऱ्या दोन मावश्या, आणि मनात आले तर येणारी चार-पाच मुले. वस्तीत काहींचा समज आहे की ही मंडळी फार शांत झाली आहेत. आमच्या घरच्यांना विचारा, ते खरे काय ते सांगतील.

सुरुवात वर्षावासात झाली. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अष्टांगिक मार्गाचे प्रकरण चालू असताना एका कॉलेजच्या मुलीने विचारले, "सात अंगांवर आपण भाषणं ऐकतो. ही आठवी समाधी आपण नुसती वाचतो, करतो कधी?" कोणालाच उत्तर देता आले नाही. बाबासाहेबांनी तिथे सांगितले आहे की मन एकाग्र करणे एवढ्यावर भागत नाही, त्या एकाग्र मनाला कुशल कर्माचा विचार करण्याची सवय लावली पाहिजे. म्हणजे काम दुप्पट झाले. आम्हाला तर पहिलेच जमत नव्हते.

विरोध झाला, तोही सांगितला पाहिजे. वस्तीतल्या जुन्या कार्यकर्त्यांनी विचारले, डोळे मिटून बसायचे तर अन्यायाकडे कोण बघणार? बाबासाहेबांनी आपल्याला उभे केले आणि तुम्ही बसायला निघालात! प्रश्न रास्त होता, आजही आहे. त्यावर आमच्यातल्या एका रेल्वेवाल्या काकांनी आपल्याच जिल्ह्यातला दाखला दिला. १९२७ साली महाड आपल्या कुलाबा जिल्ह्यात होते. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर आपल्या माणसांवर हल्ले झाले, डोकी फुटली. आपली माणसे संख्येने कमी नव्हती, पेटून उठली होती. तरी बाबासाहेबांनी त्यांना उलट हात उचलू दिला नाही. काका म्हणाले, "त्या वेळी मनाला लगाम घालणं हे बसणं होतं का उभं राहणं, ते तुम्हीच सांगा." वाद मिटला असे नाही, पण आम्हाला विहाराची किल्ली मिळाली.

पहिले वर्ष नुसत्या गडबडीत गेले. श्वासाकडे बघायचे एवढेच ठाऊक होते. दहा मिनिटांत गुडघे बोलू लागत. खिडकीतून डास येत. आवणीच्या दिवसांत मावश्या चिखलातून थेट यायच्या आणि बसल्या बसल्या पेंगायच्या. रात्रपाळी करून आलेला एक जण तर रोज घोरायचा. त्याला फार अपराधी वाटे. मग भन्तेजींनी महामोग्गल्लानाची गोष्ट सांगितली. एवढा थोर शिष्य, पण तोही ध्यानात पेंगत होता. तथागत त्याच्यावर रागावले नाहीत. त्यांनी उपाय सांगितले : कान ओढ, अंग चोळ, उठून डोळ्यांना पाणी लाव, ताऱ्यांकडे बघ, चालत राहा. आणि कशानेच झोप गेली नाही तर सावधपणे उजव्या कुशीवर आडवा हो. हे ऐकल्यावर आमच्या रात्रपाळीवाल्याचा चेहरा उजळला. तो म्हणाला, शेवटचा उपाय आपल्याला जमेल.

नीट शिकायचे म्हणून आमच्यातले पाच जण इगतपुरीला गेले. कर्जतहून लोकलने कल्याण, तिथून नाशिककडची गाडी. सत्यनारायण गोएंकाजींनी ही विद्या ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून घेतली. ते ऊ बा खिन तिथल्या सरकारात अकाउंटंट जनरल होते, म्हणजे नोकरी-संसारवाला माणूस. १९६९ साली गोएंकाजी भारतात आले आणि मुंबईत पहिले शिबिर झाले. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून शिबिरे चालू आहेत. २०१३ साली गोएंकाजी गेले, तरी शिकवण त्यांच्याच आवाजातल्या ध्वनिफितींवरून दिली जाते. शिबिराला फी नाही, जेवणाचेही पैसे घेत नाहीत, शेवटी ज्याला जे द्यावेसे वाटेल ते दान. पण गरिबाला फी नसली तरी खर्च असतोच, बारा दिवसांच्या मजुरीचा. कारखान्यात एकाला रजा मिळाली नाही, त्याने बिनपगारी घेतली. मावशी गेली तेव्हा तिच्या घरच्या भाकऱ्या शेजारच्या दोन घरांनी वाटून घेतल्या. त्या दोन्ही घरांतल्या बाया आज समोर बसल्या आहेत. त्या शिबिराला गेल्या नाहीत, पण मावशीचे शिबिर त्यांच्यामुळेच झाले.

पहाटे चारला घंटा. मौन. पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना पाहायच्या : दुखते, खाजते, तापते, जे असेल ते, आणि त्याला ढकलायचे नाही की कवटाळायचे नाही. मग तासभर न हलता बसायचे, त्याला अधिष्ठान म्हणतात. आमच्यातल्या एकाने दुसऱ्या दिवशी पिशवी भरली होती, तिसऱ्या दिवशी परत सोडली. शिक्षिकाबाई सहाव्या दिवशी इतक्या रडल्या की त्यांनाच भीती वाटली. घरी आल्यावर हे ऐकून सासूबाईंनी विचारले, "वारं तर आलं नाही ना?" वारे नाही, देवीही नाही. वीस वर्षांपूर्वी गेलेल्या भावासाठी रडायला त्या बाईला वेळच मिळाला नव्हता. मावशीला विचारले, कसे वाटले? ती म्हणाली, "दहा दिवस मला कुणी हाक मारली नाही. जन्मात पहिल्यांदा."

आता खरा अवघड भाग. परत आल्यावर सहा महिने आम्ही हवेत होतो. बैठकीनंतर चहा पिताना कोणाच्या अंगात संवेदनांचा प्रवाह कसा वाहिला याच्याच गप्पा. ज्याला काही वाहिले नाही तो गप्प बसायचा. आम्ही शिबिर केलेले आणि न केलेले असे दोन गट पडले, अगदी बसायच्या जागासुद्धा ठरल्या. पुढे त्या गोड संवेदना येईनाशा झाल्या, तेव्हा कोणी वेळ बदलली, कोणी आसन बदलले, एकाने महागडी उशी आणली. ज्याला तृष्णा म्हणतात ती हीच, हे आम्हाला पुस्तकातून पाठ होते, बसल्या जागी ओळखू आले नाही. त्यातच जयंतीचा साउंड केवढा लावायचा यावरून समितीच्या सभेत भांडण झाले. आमचेच दोघे उभे राहून एकमेकांवर ओरडले. मागून एक म्हातारे बाबा म्हणाले, "इगतपुरीला काय आवाज वाढवायला गेला होतात?" सगळी सभा हसली. आम्ही नाही हसलो.

त्यानंतर बरेच जण गळाले. राहिलेल्यांना वाटले, जरा बाहेर जाऊ, म्हणून एका रविवारी आम्ही कोंडाण्याच्या लेण्यांवर गेलो. आपल्यातल्या कितीतरी जणांनी अजिंठा पाहिला आहे, पण घरामागचे कोंडाणे पाहिलेले नाही. कर्जतहून कोंदिवड्यापर्यंत टमटम आणि पुढे जंगलातून चढ. राजमाचीच्या कुशीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा चैत्य आणि विहार आहे, पावसाळ्यात वरून धबधबा लेण्यांच्या तोंडावर कोसळतो. तिथे एका भग्न शिल्पाशेजारी ब्राह्मी अक्षरे आहेत. हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केले, असा त्याचा अर्थ. त्याने आधी गुरूचे नाव घातले आणि मग आपले. विहारात तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या लहान लहान खोल्या. आमच्यातला एक मुलगा एका खोलीत जाऊन बसला आणि बाहेर येऊन म्हणाला, "आत एकटं वाटतं, पण दार तर सगळ्यांच्या मधल्या सभागृहातच उघडतं." तेव्हा आम्ही ते ऐकून सोडून दिले.

हे ऐकून सोडून दिलेले वाक्य नंतर परत आले. आमच्यासोबत इगतपुरीला गेलेल्या पाचांपैकी एक जण पुन्हा दारू प्यायला लागला होता. त्याचे नाव घेत नाही, तो आमचा आहे. त्याने शिबिरात पंचशील घेतले, वर्षभर पाळले, मग कारखान्यातले काम सुटले आणि सगळेच सुटले. तो बैठकीला येईनासा झाला. आम्ही काय केले? काही नाही. उलट मनात थोडे बरेच वाटले असेल, कारण त्याच्या तोंडाचा वास बैठकीत शोभला नसता. दर रविवारी शेवटी आम्ही मैत्रीभावना करत होतो, सर्व प्राणी सुखी होवोत म्हणत होतो. तो चार घरे पलीकडे होता.

१९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या अंगावरची इरसालवाडी दरडीखाली गेली. तो पाऊस आपण सगळ्यांनी ऐकला आहे. ठाकर बांधवांची घरे झोपेतच गाडली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ता राहिली, आणि २३ तारखेला शोध थांबवला. तो रविवार होता. त्या सकाळी आम्ही बसलो. अनिच्च हा शब्द आम्ही शेकडो वेळा म्हटला असेल. त्या दिवशी तो कोणाच्याच तोंडून निघेना. शेवटी वाडीतल्या लोकांसाठी मैत्री करू या म्हणून डोळे मिटले, आणि मावशी मधेच मोठ्याने बोलली. मौन वगैरे काही नाही. "डोंगरावर पाठवताय, आणि त्याच्याकडे कधी जाणार?" तिने नाव घेतले. कोणीही डोळे उघडले नाहीत, लाजेने.

भन्तेजींना सांगितले तेव्हा त्यांनी मेघियाची कथा सांगितली. मेघिय नावाचा भिक्खू तथागतांची सेवा करत होता. नदीकाठी सुंदर आंबराई दिसली, तिथे एकट्यानेच जाऊन ध्यान करावे असे त्याला वाटले. तथागत म्हणाले, थोडे थांब, दुसरा कोणी येईपर्यंत. तो थांबला नाही. आणि त्या रम्य आंबराईत त्याच्या मनात वासनेचे, द्वेषाचे, हिंसेचे विचार उसळले. परत आल्यावर तथागतांनी त्याला मन पक्व व्हायला पाच गोष्टी लागतात असे सांगितले. त्यात पहिली आहे कल्याणमित्र, म्हणजे चांगली सोबत. शील, धम्मचर्चा, प्रयत्न, प्रज्ञा त्यानंतर येतात. आम्ही इतकी वर्षे कल्याणमित्र म्हणजे आपल्याला कोणी भेटावा असे समजत होतो. आपण कोणाचे व्हायचे, हा प्रश्न आला नव्हता.

मग आम्ही गेलो. पहिल्या दिवशी त्याने दार उघडले नाही. दुसऱ्यांदा शिव्या दिल्या. खरे सांगायचे तर तेव्हा जी साधना झाली ती धम्मगिरीवर झाली नव्हती : छातीत आग, कान गरम, पाय मागे वळलेले, आणि तरी उंबऱ्याशी उभे राहायचे. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोने चहा दिला. आम्ही ध्यानाबद्दल एक शब्द बोललो नाही. मुलाच्या फीचे काय, डॉक्टरकडे कोण घेऊन जाणार, एवढेच. सरकारी दवाखान्यात दोघे आळीपाळीने त्याच्यासोबत गेले. दारू पूर्ण सुटली असे आम्ही म्हणणार नाही. सुटते, पुन्हा लागते.

बैठकीतही थोडा फरक पडला आहे. आता चहाच्या वेळी प्रवाहाच्या गप्पा नाहीत. बसून झाल्यावर प्रत्येकाने या आठवड्यात कोणाकडे जायचे राहिले ते सांगायचे, बस्स. कधी कधी यादी इतकी लांबते की चहा गार होतो. गुडघे अजून दुखतात, डास अजून येतात, आणि समितीच्या सभेत आमचा आवाज अजूनही चढतो. मात्र हल्ली चढताना कळते.

गेल्या महिन्यात तो बैठकीला आला. आत आला नाही, दाराशीच भिंतीला टेकून बसला. पाच मिनिटांत झोप लागली, आणि मग तासभर त्याचे घोरणे ऐकत आम्ही बसलो. रात्रपाळीवाल्याने मोग्गल्लानाची आठवण करून हळूच त्याला उजव्या कुशीवर वळवले आणि अंगावर आपली शाल टाकली. घंटेच्या आवाजाने तो जागा झाला आणि त्याने विचारले, "चहा झाला का?"

जय भीम. नमो बुद्धाय.