मेलेलं माकड काय सांगतं?

गोचीड म्हटली की गाईच्या कानामागं चिकटलेला टपोरा, राखाडी दाणा डोळ्यांपुढं येतो. ती तिची शेवटची अवस्था. मला बोलायचंय ते रानातल्या गोचिडीच्या लहानपणाबद्दल. कारण माणसाला धोका तिथं आहे.

ही गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते, दर वेळी वेगळ्या प्राण्याचं. पावसाळ्यात मादी पाचोळ्यात ढीगभर अंडी घालून मरते. त्यांतून निघालेली सहा पायांची पिल्लं उंदीर, पाखरं यांच्या अंगावर चढतात, पोट भरलं की गळून पडतात आणि कात टाकतात. आता पाय होतात आठ, आकार राजगिऱ्याच्या दाण्याएवढा. माणसाला चावते ती बहुधा हीच.

१९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि गावकरी तापानं आजारी पडले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं त्यामागचा विषाणू शोधला. तोच माकडताप. २०१५ साली गोव्यात सत्तरीला आणि २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली.

लहान गोचिडीचा हंगाम डिसेंबर ते मे. नेमका काजूचा, लाकूडफाट्याचा, पातेरा गोळा करण्याचा. रानात जाऊ नका, हे सांगणं सोपं. पण वर्षाची कमाई काजूच्या झाडाखाली पडलेली असते. म्हणून अंगभर कपडे घालावेत, हातापायांना आरोग्य केंद्रातून मिळणारं गोचीड-प्रतिबंधक तेल लावावं, परतल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करावी, कपडे गरम पाण्यात धुवावेत. रानातला पातेरा गोठ्यात अंथरू नये.

आपल्याकडं मेलेल्या माकडाला मारुतीचं रूप मानून हार घालतात, खांदा देतात. भावना चांगलीच, पण देह थंड पडला की त्यावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात. म्हणून हात न लावता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. तोच गावाला मिळालेला पहिला इशारा असतो.

एकाएकी कडक ताप, डोकेदुखी, अंग ठणकणं, क्वचित नाकातोंडातून रक्त, अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांना आधी सांगा, 'रानात गेलो होतो.' या तापावर खास औषध नाही. पण वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण वाचतात. आणि हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. तेव्हा आजाऱ्याला दूर लोटू नका, दवाखान्यात न्या.