अ‍ॅलर्जी आणि आपली पंगत

(मंचाच्या लंडनमधील वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातला काही भाग गाळला आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांच्या मनात 'प्रथिनांच्या संशोधनातील नवे प्रवाह' असं काहीतरी होतं. मी म्हटलं, प्रथिनांवरच बोलते, पण शेंगदाण्यातल्या. पलीकडे क्षणभर शांतता होती. आणि हे सगळं जेवणाआधी ठेवा अशी अट मी घातली, कारण जेवणानंतर बोलून उपयोग नसतो.

एक खुलासा आधीच करते. मी प्रथिनांच्या रचनेवर काम करते, अ‍ॅलर्जीची डॉक्टर नाही. पण शेंगदाणा, तीळ, काजू आणि पिस्ता या चार गोष्टींची अ‍ॅलर्जी मला लहानपणापासून आहे, त्यामुळे या विषयातला माझा अनुभव माझ्या पीएचडीपेक्षा बराच जुना आहे.

माझा जन्म सोलापूरचा. ज्या गावची शेंगाचटणी लोक डबे भरभरून नेतात, त्या गावात शेंगदाणा न चालणारी मुलगी जन्माला यावी हा निसर्गाचा विनोदच म्हणायचा. आमच्या घरी 'अ‍ॅलर्जी' हा शब्द नव्हता. 'हिला शेंगदाणे बाधतात' एवढंच. अंगावर गांधी उठल्या की 'पित्त उठलं' म्हणायचे आणि आमसूल भिजवून चोळायचे. आमसुलानं काही होत नव्हतं, हे उघड आहे. पण आजीनं माझी भाजी कुटाच्या आधी वेगळी काढायला सुरुवात केली, त्यासाठी वेगळा डाव ठेवला, आणि कुणाकडेही पुरावा मागितला नाही. 'बाधतं' म्हटलं की बाधतं. आज इतक्या वर्षांनी, उच्चशिक्षित माणसांच्या घरात, मला जास्त प्रश्न विचारले जातात.

त्यातला सगळ्यात लाडका प्रश्न: 'आमच्या वेळी भारतात असलं काही नव्हतं, हे इथलंच फॅड, नाही का?' याचं उत्तर अर्धं हो, अर्धं नाही असं आहे. बंगळूर आणि म्हैसूरकडच्या प्रौढांची एक मोठी पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची आयजीई प्रतिद्रव्यं सापडली, पण प्रत्यक्ष अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता फक्त १.२ टक्के लोकांत दिसली. म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह येणं आणि अ‍ॅलर्जी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. (टपालानं रक्त पाठवून दोनशे पदार्थांची यादी मागवणाऱ्यांनी हे वाक्य लिहून ठेवावं. त्यातल्या बऱ्याच चाचण्या आयजीजी मोजतात, आणि आयजीजीचा अर्थ फार तर 'तुम्ही हा पदार्थ खाल्ला आहे' इतकाच.) पण १.२ टक्के म्हणजे शून्य नव्हे. ती माणसं पूर्वीही असणार, कुणी 'पित्तप्रकृतीची', कुणी 'नखरेल'.

इंग्लंडमध्ये प्रमाण खरंच जास्त आहे. २०२४ साली इथल्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीनं प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार सुमारे ६ टक्के प्रौढांना, म्हणजे अंदाजे २४ लाख लोकांना, अन्नाची अ‍ॅलर्जी आहे. आणि आपल्याला लागू पडणारी गोष्ट अशी, की ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात आशियाई वंशाच्या पण तिथेच जन्मलेल्या मुलांत दाण्यांची अ‍ॅलर्जी आशियात जन्मून तिथे आलेल्या मुलांपेक्षा जास्त आढळली. गुणसूत्रं तीच, जागा वेगळी. तेव्हा 'आपल्यात हे नसतं' असं म्हणणाऱ्या आजोबांनी आपल्या इथे जन्मलेल्या नातवंडांकडे जरा नीट लक्ष द्यावं.

आता मी ज्यासाठी उभी राहिले आहे तिथे येते. अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाचा जीव बहुतेक वेळा दुष्टपणामुळे धोक्यात येत नाही, तो शब्दांमुळे येतो.

इथे कुणी जेवायला बोलावलं की मी विचारते, 'एनी नट्स?' विचारताना भाषा इंग्रजी, ऐकणारं मन मराठी. त्या मनात 'नट्स' म्हणजे सुकामेवा: काजू, बदाम, पिस्ते, अक्रोड. सुकामेव्यात शेंगदाणा येत नाही. शेंगदाणा म्हणजे कूट, आणि कूट म्हणजे जवळजवळ मीठच. त्यामुळे यजमानीण अगदी प्रामाणिकपणे 'नाही गं' म्हणते, आणि समोर कुटाची कोशिंबीर असते. शास्त्रानंही तीच बरोबर आहे, शेंगदाणा वनस्पतिशास्त्रात कडधान्यातच जमा होतो. इथल्या 'इंडियन' हॉटेलांत आणखी एक गंमत. ती बहुतांशी बांगलादेशी, त्यातही सिल्हेटी मंडळींची. बांगलादेशात नुसतं 'बादाम' म्हटलं की अनेकदा शेंगदाणाच अभिप्रेत असतो. गुजराती दुकानात तोच 'सिंग' होतो. एक दाणा, चार नावं, आणि मध्ये घाईत असलेला वेटर.

जानेवारी २०१४ मध्ये नॉर्थ यॉर्कशायरमध्ये पॉल विल्सन नावाचा ३८ वर्षांचा माणूस घरी नेलेली करी खाऊन मरण पावला. त्यानं 'नट्स नकोत' असं स्पष्ट सांगितलं होतं. डब्याच्या झाकणावर तसं लिहिलेलंही होतं. मालकानं खर्च वाचवण्यासाठी बदामाच्या पुडीऐवजी शेंगदाणा असलेलं स्वस्त मिश्रण आणायला सुरुवात केली होती. त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच त्याच मालकाच्या दुसऱ्या हॉटेलातलं खाऊन एका सतरा वर्षांच्या मुलीला रिअ‍ॅक्शन आली होती. मे २०१६ मध्ये त्याला मनुष्यवधाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा योग्यच होती. पण झाकणावर 'नो नट्स' लिहिणाऱ्या हाताला आत काय आहे हे माहीत असण्याची काही सोयच नव्हती, हे मला जास्त अस्वस्थ करतं. माहिती मालकाच्या खरेदीच्या पावतीत होती, जबाबदारी मात्र काउंटरवरच्या माणसाकडे.

असंच घरगुती स्वयंपाकातही होतं. २०१७ साली एका स्नेह्यांकडे जेवायला गेले होते. मी शेंगदाणे, काजू, पिस्ता, तीळ असं एकेक मराठी नाव घेऊन विचारलं होतं. वहिनींनी त्या दिवशी तिळाला हातही लावला नव्हता. पण मसालेभातात गोडा मसाला होता, तो त्यांच्या सासूबाईंनी नाशिकहून प्लास्टिकच्या पिशवीत पाठवलेला, आणि त्यात अर्थातच भाजलेले तीळ होते. दोन घास झाले, ओठ झिणझिणले, घसा खाजायला लागला आणि मग आवाज बदलला. आवाज बदलला की थांबायचं नसतं. मी पेन मांडीत टोचलं आणि तिथेच जमिनीवर आडवी झाले.

पुढची दहा मिनिटं मी कधी विसरणार नाही, कारण खोलीत चार डॉक्टरेट होत्या. एकानं सेट्रिझिनची गोळी आणली. एकीनं पाणी पाजायचा प्रयत्न केला. एक काका म्हणाले, 'उठून बाथरूममध्ये जा, उलटी काढ, मोकळं वाटेल.' यातलं शेवटचं जीवघेणं ठरू शकतं. रक्तदाब पडलेला असताना माणसाला एकदम उभं केलं तर हृदयाकडे परत येणारं रक्त कमी पडतं आणि तो उभ्याउभ्या जाऊ शकतो. आडवं ठेवायचं, पाय वर. श्वास फारच लागत असेल तर बसतं करायचं, पण चालवायचं नाही. गोळीनं गांधी आणि खाज कमी होते, घसा उघडत नाही. ते काम अ‍ॅड्रेनालिनचं. पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही चालतं, मग ९९९ ला फोन करून 'अ‍ॅनाफिलॅक्सिस' हा शब्द उच्चारायचा, आणि पाच मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरं पेन. म्हणून पेन नेहमी दोन. शेवटी हे सगळं त्या घरातल्या चौदा वर्षांच्या मुलानं केलं. त्याच्या वर्गात एकाला अ‍ॅलर्जी होती, शाळेत शिकवलं होतं.

मी वाचले, हे तुम्हाला दिसतंच आहे. भीती वाढवायची माझी इच्छा नाही. या देशात १९९८ ते २०१८ या काळात अन्नाच्या अ‍ॅनाफिलॅक्सिसनं झालेले मृत्यू १५२ नोंदले गेले, आणि दवाखान्यात येणाऱ्यांतलं मृत्यूचं प्रमाण या काळात घटलं. त्याच आकडेवारीत शाळकरी मुलांसाठी सर्वांत घातक ठरलेला एकच पदार्थ शेंगदाणा नव्हे, दूध होता. आपल्याकडे 'तूप म्हणजे काही दूध नव्हे' असं छातीठोकपणे सांगणारे खूप आहेत, म्हणून सांगितलं.

पण त्या संध्याकाळनंतर झालं ते वेगळंच. त्या घरानं मला पुढची दोन वर्षं बोलावलं नाही. रागानं नव्हे, भीतीनं. दुसऱ्यांनी बोलावलं, पण 'तुला काय चालतं बाई' या सुरात, जणू मी रुसवा धरून बसले आहे. परदेशात आपली माणसं म्हणजे शेवटी एकमेकांकडे जेवणारी माणसंच असतात. जेवणातून गळलं की गोतावळ्यातून गळलं. किशोरवयीन मुलांना हे फार लागतं, आणि ती मग पेन घरी ठेवून जातात, विचारायचं टाळतात, बाकीच्यांसारखी दिसावीत म्हणून.

आता एक जरा टोचणारी गोष्ट बोलते. 'वेगळं ठेवणं फार अवघड आहे हो' असं जेव्हा आपली मंडळी म्हणतात, तेव्हा मला हसू येतं. वेगळं ठेवण्यात आपला हात धरणारा समाज जगात सापडणं कठीण आहे. सोवळं, ओवळं, उष्टं, खरकटं, उपवासाचं, मांसाहाराचं भांडं, चातुर्मासातला कांदा-लसूण, जैन पाहुण्यांसाठी बटाट्याशिवायची भाजी. उष्टा चमचा लोणच्याच्या बरणीत घातला तर किती दूरवर बाटतं, हे माझ्या आजीला कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा चांगलं कळायचं. सोवळ्याचा मला तिटकारा आहे. त्यात माणसं बाटायची, अन्न नव्हे, आणि या मंचावर त्याची वकिली करायला मी आलेले नाही. पण ते कौशल्य तर हातात आहे ना? जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या माणसांना दूर ठेवायला वापरलं, ते एकदा एखाद्याला जवळ बसवायला वापरून बघायला काय हरकत आहे?

आणि फरक बघा. कुणी म्हणालं, 'माझी चतुर्थी आहे', की यजमान लगेच वेगळा गॅस पेटवतात. प्रश्न नाही, पुरावा नाही. वर त्याच चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी कुटात न्हालेली. मी म्हणाले, 'मला हे मारू शकतं', की 'थोडंसं खाऊन बघ, माझ्या हातचं बाधत नाही'. प्रसादाचं तर बोलायलाच नको. शिऱ्यातला काजू सत्यनारायणाच्या आधीही काजूच असतो आणि नंतरही. आयजीईला भाव कळत नाही.

बाहेर जेवताना मी काय करते, हे अनेकांनी विचारलं होतं. हॉटेलला दुपारी चारला फोन करते, शनिवारी रात्री आठला नाही. 'नट्स आहेत का' हे कधीच विचारत नाही. ग्रेव्हीचा बेस कशाचा, तळणीची कढई एकच आहे का, तेल कुठलं, असं विचारते. 'नो प्रॉब्लेम मॅडम' हे उत्तर लगेच आलं तर तिथे जात नाही. 'थांबा, विचारून सांगतो' म्हणणाऱ्याकडे जाते. डिसेंबर २०१४ पासून इथल्या हॉटेलांना १४ अ‍ॅलर्जी-घटकांबद्दल माहिती देणं बंधनकारक आहे. त्यात तीळ आहे, आणि मोहरीही आहे, म्हणजे आपली अख्खी फोडणी. तिळावर नताशा एडनन-लपेरूझ ही पंधरा वर्षांची मुलगी २०१६ मध्ये गेली. पावाच्या पिठातच तीळ होते आणि वेष्टनावर उल्लेख नव्हता. तिच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२१ मध्ये आला, पण तो आधी बांधून ठेवलेल्या पदार्थांपुरता. हॉटेलांनी ही माहिती लेखी द्यावी असं मार्गदर्शन मार्च २०२५ मध्ये निघालं, ते मार्गदर्शनच आहे, कायदा नव्हे. अमेरिकेत नातेवाईक असतील त्यांना सांगा: तिकडे तीळ १ जानेवारी २०२३ पासून यादीत आला, तेव्हा काही बेकऱ्यांनी सफाईची कटकट नको म्हणून पावात मुद्दाम तीळच घालून तसं लेबल लावलं. कायद्याची अशीही वाट काढता येते.

आपल्या मंचाच्या डबा-पार्टीला मात्र कुणी निरीक्षक येत नाही. म्हणून कार्यकारिणीकडे माझी मागणी आहे, आणि ती आजच्या सभेच्या इतिवृत्तात लिहावी. येत्या संक्रांतीला प्रत्येक पदार्थापुढे एक कार्ड ठेवायचं, त्यावर मराठीत आणि इंग्रजीत घटक लिहायचे, मसाला घरचा असेल तर त्यातले घटकसुद्धा. माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिहायचं, ते मला पुरतं. प्रत्येक भांड्याला स्वतःचा डाव. जागरूक पालकांनी आणि अ‍ॅलर्जी असलेल्यांनी पहिल्यांदा वाढून घ्यायचं, चमचे फिरायच्या आधी. आणि मी माझा डबा आणला तर त्यात कुणाचा अपमान नाही.

तिळगूळ मी घेणार नाही. गोड मात्र बोलेन. सराव पेनं मी दोन आणली आहेत, त्यांत सुई नाही. जेवणाची रांग लागेपर्यंत ज्यांना हातात धरून बघायची असतील त्यांनी पुढे या.